दोन जास्तीचे पाटे

गाडी उंच करून घ्यायला माझ्याकडे कोणी आलं की मी आधी एकच गोष्ट विचारतो. मऊ हवी का उंच हवी? स्वस्तात दोन्ही मिळत नाही. दोन्ही पाहिजे असेल तर राजधानीत बिश्केकला जा, परदेशी स्प्रिंगा आणि लांब शॉकअप बसवून घे, आणि त्यासाठी घरचा घोडा विकायची तयारी ठेव. गावातली तरणी पोरं तर उंचीपायी नुसती वेडी झालीयेत. चाकं केवढी, गाडी केवढी, आणि चालवायची कुठं, तर शाळेपासून बाजारापर्यंत. मी तोंडावर सांगतो, अरे बाबा, एवढ्या उंचावरून तुला काय चंद्र हाताला लागणार आहे का? आमच्या अत-बाशी गावात सगळे म्हणतात, रिस्पेकच्या हाताला गुण आहे, पण जिभेला मिरची लावलेली आहे.

हे सगळं आधीच सांगून टाकतो, कारण ज्या दिवशी बोलायला हवं होतं त्या दिवशी हाच रिस्पेक मूग गिळून बसला. आणि समोर कोणी गिऱ्हाईक नव्हतं, माझी सख्खी थोरली बहीण होती.

सालकीनताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, तेव्हा मला ताईनंच वाढवलं आणि ताईनंच बडवलं. लग्न होऊन ती तुर्गुनालीदाजींच्या घरी गेली. दाजी मेंढपाळ. मेच्या शेवटी कळप घेऊन वर उच-बुलाकच्या, म्हणजे तीन झऱ्यांच्या, कुरणावर जायचं, तंबू ठोकायचा आणि थंडी पडायला लागली की खाली उतरायचं, असं त्यांचं आयुष्य. एकतीस उन्हाळे ताईनं तिथं काढले. घोडीचं दूध आंबवून कुमिस करावा तर तिनंच. दुसऱ्या तंबूंतली माणसं काही ना काही निमित्त काढून तिच्या दाराशी यायची आणि ती म्हणायची, "निमित्त राहू दे, वाडगं पुढं कर."

या वर्षी मे महिन्यात तिची पाठ धरली. आधी वाटलं, थंडी भरली असेल. मग तिला वाकता येईना, मग आडवं पडता येईना. नारीनच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं दाजींना आणि मला बाहेर बोलावलं आणि दार लावून घेतलं. म्हणाला, हाडांत पसरलंय, मणक्यात फार. दोन महिने, फार तर अडीच. दाजी भिंतीला टेकले आणि हातातली टोपी नुसती फिरवत राहिले.

आत ताई बाकावर बसली होती. मीच बोललो. म्हटलं, "पाठीत क्षार साचलेत म्हणे. गोळ्या दिल्यात. पानगळ लागेपर्यंत खडखडीत होशील."

"क्षार म्हणजे मीठच ना?" ताई म्हणाली. "जन्मभर चहात मीठ टाकून प्याले, त्याचं हे फळ."

आम्ही दोघं हसलो. एवढ्या मोठ्यानं हसलो की नर्सनं आत डोकावून पाहिलं.

आमच्याकडे आजाऱ्याला सांगत नाहीत. मरणाचं नाव घेतलं की ते उंबरा ओलांडून आत येतं, असं जुनी माणसं म्हणतात. डॉक्टरालाही हे ठाऊक असतं, म्हणून तर तो बाप्यांना बाहेर बोलावतो. आणि एकदा का क्षार म्हटलं की मग घरादारानं क्षारच म्हणायचं. ताईची मुलगी बेगायिम बिश्केकला शिलाईच्या कारखान्यात काम करते. ती रजा टाकून आली तेव्हा तिलाही वेशीवरच गाठून मी पढवलं. डोळे पूस, आईला क्षार झालेत, तू उन्हाळ्याची सुट्टी म्हणून आलीयस.

जूनच्या पहिल्या आठवड्यात आम्ही सगळे ताईकडे जेवायला बसलो होतो. कळप घेऊन दाजींचा पुतण्या आधीच वर गेला होता. ताई भिंतीशी तीन गाद्यांवर उशांना टेकून बसली होती. बशीतली बोरसोकं, तळलेल्या पिठाचे तुकडे, तिनं नुसती इकडची तिकडं केली आणि एकदम म्हणाली, "मला वर जायचंय. फार नाही, आठ दिवस. एकदा कुमिस ढवळते, तीन झऱ्यांचं पाणी पिते, आणि येते."

उच-बुलाक सतरा किलोमीटर. त्याला रस्ता म्हणायचं ते आमच्या तोंडाची सवय म्हणून, नाहीतर नुसते दगड. अकराव्या किलोमीटरला नदी, आणि तिच्यावर पूल नाही. दाजींची उआझ जीप वीस वर्षं लोकर आणि बटाटे वाहून पार बसली होती. चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे सपाट झाले होते, दगड पोटाला घासायचे. म्हणजे वर जायचं तर गाडी उचलणं भाग होतं.

"मग सांगा मेव्हणे," दाजी म्हणाले, "काय करायचं? पण जपून सांगा. माझ्या खिशाला भोक आहे."

"दाजी, भोक असतं तर कधीतरी काहीतरी बाहेर पडलं असतं. तुम्ही खिसाच शिवून टाकलाय."

ताई हसली. तिच्या हसण्यानं मला जोर आला. गाडीचा विषय निघाला की मी तसाही थांबत नाही. म्हटलं, बिश्केकच्या स्प्रिंगांचं नाव सोडा, ते आपलं काम नाही. स्वस्तातले दोन रस्ते आहेत. एक म्हणजे तुमचेच पाटे उतरवतो, ऐरणीवर ठोकून त्यांना परत कमान देतो. दोन बोटं उठेल, आणि मुख्य म्हणजे मऊ राहील. नदी तेवढी पहाटे ओलांडायची, तेव्हा वरचं बर्फ वितळलेलं नसतं, पाणी चाकाच्या मध्यापर्यंतच असतं.

'मऊ' म्हणालो आणि माझं मलाच कळलं. बेगायिमचा चहा ओतणारा हात थांबला. दाजींनी माझ्याकडे असं पाहिलं की त्यांच्याकडे सुरी असती तर ती माझ्यावर चालली असती. मेंढपाळाच्या जीपला मऊपणा कशाला हवा? लोकरीला दुखत नाही, बटाट्यांना दुखत नाही. मग दुखतं कोणाला, आणि इतकं का दुखतं की त्यासाठी गाडी बदलावी लागते? याला उत्तर एकच होतं आणि ते भिंतीशी बसलं होतं.

"मऊ कशाला रे?" ताई म्हणाली. "मी काय अंड्यांची टोपली आहे?"

"तसं नाही ताई..."

"मग कसं? क्षार झालेत, काचेची झाले नाही मी. पानगळीत लोकर कशातून आणायची? बटाटे कशातून आणायचे?"

"तेच म्हणतो मी!" दाजी घाईघाईनं बोलले. "पानगळीत तूच तर पुढं बसणार, मला शिव्या घालायला. दुसरा रस्ता काय तो सांगा मेव्हणे."

मी सांगितला. कमान द्यायचीच, पण वर पाट्यांच्या प्रत्येक जुडीत जुन्या ट्रकचे दोन-दोन जास्तीचे पाटे कापून घालायचे. भंगारात ढीग पडलाय. वीतभर उठेल, कितीही लादा, बसणार नाही.

"किती वर्षं जाईल?" ताईनं विचारलं.

"दहा वर्षं बघायला नको."

"दहा वर्षं," ती म्हणाली. थोडा वेळ तिनं वाडग्यातल्या चहाकडे पाहिलं. "मग तेच घाल. मजबूत घाल."

दाजींना इतका आनंद झाला की त्यांनी मला दुसऱ्यांदा मांस वाढलं. मी खाल्लंही. ट्रकचे पाटे घातले की रिकामी गाडी दगडाला दगडासारखी उत्तर देते, हे मला ठाऊक होतं. ती जीप चारशे किलो लादल्याशिवाय लवणार नव्हती, आणि ताई तेव्हा चाळीस किलोसुद्धा भरली नसती. दुसऱ्या कोणी असलं काम सांगितलं असतं तर मी त्याची अक्कल काढली असती. इथं मात्र मी बोटं चाटत बसलो.

दुसऱ्याच दिवशी दाजी भंगारातून पाटे निवडून घेऊन आले. अख्खी सकाळ तिथं घालवली होती त्यांनी, एकेका पाट्यावर हातोडी मारून आवाज ऐकला होता. मी कापले, घासले, भोकं पाडली. यू-बोल्टांना ग्रीस लावलं, जुडीत घालून आवळले. काम झकास झालं, हे म्हणायला मला आज लाज वाटते, पण झालं. जीप अशी उभी राहिली की बाजारातली चार माणसं काम टाकून बघायला आली. दाजी तिच्याभोवती फिरत म्हणाले, "मेव्हणे, म्हातारीची नवरी केलीत."

ताईला अंगणात आणून दाखवली. तिनं बॉनेटवर हात फिरवला, घोडीच्या मानेवरून फिरवतात तसा. "उंच झाली गं," म्हणाली. मग पायरीवर पाय ठेवायला गेली आणि पाय तिथवर पोचेना. गुडघ्यापर्यंत उचलला, पुढं जाईना. आम्ही तिघं बघत होतो. दाजींनी पटकन तिला काखेत हात घालून उचललं आणि आत बसवलं.

"लग्नाच्या दिवशी घोड्यावर बसवताना तुमची पाठ भरली होती," ताई म्हणाली. "आज काही झालं नाही?"

"तेव्हा मी कच्चा होतो," दाजी म्हणाले. "आता ताकद आलीय."

ती लोकरीच्या पोत्याएवढीसुद्धा भरली नव्हती. दाजी जीपमागे गेले आणि बराच वेळ चाकात हवा भरत राहिले. हवा आधीच भरलेली होती.

निघालो त्या दिवशी सकाळी शेजारच्या म्हाताऱ्यानं येऊन आशीर्वाद दिला. वाट पांढरी होवो, जसे जाता तसे परत या. आम्ही सगळ्यांनी चेहऱ्यावरून हात फिरवून ओमीन म्हटलं. मी चालवायला. पुढच्या सीटवर दोन गाद्या घालून ताई. मागं दाजी आणि बेगायिम. बेगायिमनं मागून दोन्ही हातांनी आईचे खांदे धरले होते.

पहिले तीन किलोमीटर ताई बोलत होती. तंबूचं छत कोणी नीट बांधलं नसेल, कुमिस आंबवायचं कातडं धुरी देऊन ठेवलं असेल का नाही, शेजारीण मीठ मागून नेते आणि परत देत नाही. मी पहिल्याच गिअरमध्ये होतो. माणूस चालत पुढं गेलं असतं, इतका हळू. पण हळू नेऊन काय होणार? चाक दगडावर चढलं की अख्खी गाडी चढायची आणि दगडावरून उतरलं की अख्खी गाडी आदळायची. मध्ये लवायला काही ठेवलंच नव्हतं मी. प्रत्येक आदळण्याचा आवाज मला ओळखीचा होता, माझ्या हातानं आवळलेल्या बोल्टांचा.

चौथ्या किलोमीटरला ताई बोलायची थांबली. मी वाटेवरून डोळे काढले नाहीत. सहाव्याच्या आसपास एकदा पाहिलं, तर तिनं डोक्याच्या रुमालाचं टोक दातांत धरलं होतं. डोळे समोर. घाम कपाळावरून खाली आला होता, आणि सकाळच्या त्या थंडीत आम्ही सगळे कोट घालून होतो.

"थांबू का ताई?"

तिनं मान हलवून नाही म्हटलं.

"तुर्गुनालीदाजी, थांबूया का?"

"ती नको म्हणतेय ना," दाजी मागून म्हणाले. त्यांचा आवाज ओळखू येत नव्हता. "ताकदीची आहे ती. चला."

आता सांगतो ते सांगायला जीभ रेटत नाही. माझी पान्यांची पेटी मागं होती. जॅक होता. पाटे घालून दहा दिवस झाले होते, ग्रीस ओलं होतं, बोल्ट हातासरशी सुटले असते. त्या दगडांत गाडी उभी करून जास्तीचे पाटे काढून टाकायला मला फार तर तीन तास लागले असते. सहाव्या किलोमीटरला हे माझ्या डोक्यात आलं. सातव्याला आलं. आठव्याला आलं. पण मी पाटे उपसायला बसलो असतो तर ताईनं विचारलं असतं, का रे काढतोयस? लोकरीचं काय? पानगळीचं काय? मग मी काय सांगणार होतो? काखेत कळसा होता आणि मी गाडी चालवत होतो.

अकराव्याला नदी आली. ताईनं रुमाल तोंडातून काढला आणि म्हणाली, "इथं उतरव मला."

दाजींनी उचलून तिला काठावरच्या गवतावर बसवलं. गादी आणली तर नको म्हणाली. वळणामागं वर कुरण होतं, इथून दिसत नाही, फक्त वारा तिकडून आला की धुराचा आणि मेंढ्यांचा वास येतो. तो येत होता. ताईनं डोळे मिटून तो बराच वेळ घेतला. मग बेगायिमला म्हणाली, "वाडगं भरून आण गं."

बेगायिमनं नदीचं पाणी आणलं. ताई ते थोडं थोडं करत सगळं प्याली.

"हे तिन्ही झऱ्यांचंच पाणी," ती म्हणाली. "वरून खाली येतं, एवढंच. झालं. पोचले मी."

"अगं सहाच किलोमीटर राहिलेत," दाजी म्हणाले. "पाणी पण उतरलेलं आहे. पलीकडं गेलो की लगेच..."

"पुढच्या वर्षी जाऊ," ताई म्हणाली. "क्षार गेले की."

दाजी वळून घाईनं नदीच्या कडेकडेनं चालायला लागले. दूर जाऊन पाण्यात दगड मारत राहिले. बेगायिम त्यांच्या मागं गेली. ताई आणि मी दोघंच राहिलो. ती जीपकडे पाहत होती. पान्यांची पेटी मागच्या दारातून दिसत होती, तिच्याकडेही तिनं पाहिलं, आणि मग माझ्याकडे.

"किती पाटे घातलेस रे जास्तीचे?"

"दोन. प्रत्येक जुडीत दोन."

"मजबूत झाली."

"हो."

"तुझ्या दाजींना दहा वर्षं पुरेल."

"पुरेल," मी म्हणालो.

'आम्हाला' म्हणाली नाही ती. 'दाजींना' म्हणाली. मला ऐकू आलं. तिला कळलं की मला ऐकू आलं. मी तिच्या पायाशी बसलो होतो, तिनं माझ्या डोक्यावरची टोपी सरळ केली, लहानपणी शाळेत पाठवताना करायची तशी, आणि म्हणाली, "रडू नकोस, तुझ्या दाजींना दिसेल. त्यांना वाटतंय मला माहीत नाही."

आणि तरीही मी पाटे काढले नाहीत. आता तर लपवायलाही काही उरलं नव्हतं, निदान आम्हा दोघांत. पण दाजी परत आले, "काय म्हणतेय नवरी?" म्हणून हसले, ताई हसली, आणि ते जे तिघाचौघांनी मिळून उभं केलं होतं ते मोडायची माझी छाती झाली नाही. परतीचे अकरा किलोमीटर तिला त्याच पाट्यांवरून खाली आणलं. उताराला जास्त आदळतं. तिनं पुन्हा रुमाल तोंडात धरला आणि घर येईपर्यंत सोडला नाही.

त्यानंतर ती अंथरुणावरून उठली नाही. सव्वीस दिवसांनी, जुलैच्या मध्यावर, दुपारी गेली. अंगणात तंबू उभा केला, तिला आत ठेवलं. आम्ही बाप्ये रीतीप्रमाणे बाहेर रांगेनं उभे राहिलो, काठ्यांना टेकून, वाकून. येणाऱ्या प्रत्येक गावकऱ्याला पाहून मोठ्यानं आक्रोश करायचा असतो, तो केला. माझा आवाज मोठा आहे. लोक म्हणाले, रिस्पेकनं बहिणीला चांगलं रडून दिलं.

ताईची कपड्यांची पेटी उघडली तेव्हा आत मयताला येणाऱ्यांना वाटायचे कापडाचे तुकडे निघाले. बेगायिम म्हणाली की कापड नवं होतं. आईनं मे महिन्यात, नारीनहून आल्याच्या तिसऱ्या दिवशी, शेजारणीकडून आणवलं होतं आणि स्वतः मोजून फाडून गाठोडी केली होती. म्हणजे जेवताना जेव्हा ती लोकर आणि बटाटे म्हणत होती तेव्हा तिच्या पाठीमागच्या पेटीत ते तयार होतं. आम्ही तिला सांभाळत होतो असं आम्हाला वाटत होतं. ती आम्हाला सांभाळत होती.

तिचा चाळिसावा दिवस ऑगस्टच्या शेवटी आला. चाळिसाव्याला गावजेवण, आणि कुमिस वरूनच आला पाहिजे, ताईच्या कुरणावरचा. खालचा विकतचा कुमिस तिच्या नावानं वाटला तर ती कबरीतून उठून बसेल, असं दाजी म्हणाले. वरच्या शेजारणीनं, त्याच मीठ परत न देणाऱ्या, निरोप पाठवला होता की ताईचंच कातडं वापरून आंबवलाय, पंधरा बरण्या आहेत, या.

आदल्या दिवशी दाजी सकाळी जीप घेऊन माझ्याकडे आले. दाढी वाढलेली. दारात उभं राहून म्हणाले, "मेव्हणे, जास्तीचे पाटे काढून टाका."

"का?"

"कुमिस आणायचाय. ही फार आदळते. कुमिस आधीच फसफसलेला, वाटेत झाकणं उडतील, बरण्या फुटतील. मऊ करून द्या."

"बरं," मी म्हणालो. कोणी बाजारातून मीठ आणायला सांगावं आणि आपण बरं म्हणावं, तसं म्हणालो. जॅक लावला, चाकं काढली. बोल्ट सुटले, जसे सुटणार हे मला माहीत होतं तसेच, काहीही कुरकुर न करता. दाजी पाने हातात देत होते. नऊला सुरू केलं, साडेदहा वाजता पहिल्या दोन जुड्या झाल्या. काढलेले पाटे मी भिंतीशी टाकत होतो. तिसऱ्या जुडीचा बोल्ट सैल केला आणि दाजींच्या हातातून पाना मिळेना. मी गाडीखालून हात पुढं केला, पुन्हा केला.

"दाजी, सतराचा द्या."

मी गाडीखालून बाहेर सरकलो. दाजी भिंतीशी त्या काढलेल्या पाट्यांवर बसले होते. पाना मांडीवर.

"रिस्पेक," ते म्हणाले. मेव्हणे नाही म्हणाले. एकतीस वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदा नावानं हाक मारली. "कुमिससाठी काढतोय आपण हे."

मी हाताचं ग्रीस पँटला पुसलं.

"बरण्या फुटतील म्हणून मला लगेच कळलं. कोणाला विचारावं लागलं नाही." त्यांनी पाना खाली ठेवला. "तुला माहीत होतं?"

"होतं."

"मग बोलला का नाहीस? एवढी जीभ आहे तुला. अख्ख्या गावाला अक्कल शिकवतोस. मला एक शिवी घालायचीस ना रे. म्हणायचंस ना, गाढवा, बायको मरतेय तुझी, गाडी मऊ कर."

"तुमच्यानं तरी बोलवलं असतं का?"

"नसतं," दाजी म्हणाले. "माझ्यानं नसतं बोलवलं. म्हणून तर तू होतास."

मी परत गाडीखाली गेलो, कारण दुसरं काय करावं ते सुचेना. उरलेल्या दोन जुड्या दुपारच्या चहाच्या आत उरकल्या. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. एक पैसा लागला नाही. जूनमध्ये तर ते करायची गरजही नव्हती, फक्त घालायचे नाहीत एवढंच काम होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे बेगायिम आणि मी वर गेलो. दाजी आले नाहीत. नदीचं पाणी चाकाच्या मध्यापर्यंतच होतं, मी म्हटलं होतं तेवढंच. गाडी दगडांवरून डोलत डोलत गेली. शेजारणीनं बरण्या भरून दिल्या, पंधराच्या ऐवजी सोळा. सोळावीला झाकण सापडेना, म्हणून ती बेगायिमनं पुढच्या सीटवर मांडीत धरली, काठोकाठ भरलेली. मी म्हटलं, अगं सांडेल, थोडा ओत. ती म्हणाली, बघू.

उतारावरून खाली आलो. नदी आली, तीच जागा, तेच गवत. बेगायिम मांडीकडे बघत होती. मग कोणाला दोष द्यायचा नसल्यासारखं, सहज म्हणाली, "मामा, एक थेंबसुद्धा सांडला नाही."

मी गाडी पाण्यातच थांबवली. उतरायचंही भान राहिलं नाही. त्या दिवशी अंगणात रीतीनं रडलो होतो, काठीला टेकून, येणाऱ्याजाणाऱ्याकडे बघून. इथं बघायला कोणी नव्हतं आणि टेकायला स्टिअरिंग होतं. बेगायिमनं एका हातानं बरणी सांभाळली आणि दुसरा हात माझ्या पाठीवर ठेवला. पाणी चढायला लागलं तेव्हा तिनंच सांगितलं, "चल मामा, लोक जेवायला यायचेत."